वीस वर्षांचा आराखडा

संस्थांना पुढच्या वीस वर्षांचं नियोजन करून देणारे सल्लागार आठवडाभर अस्वस्थ होते. या वेळचं काम एका जुन्या वाचनालयाचं, आणि त्याच्या कार्यकारिणीत सगळेच ऐंशीच्या पुढचे. ‘तुमच्यानंतर कोण?’ हे त्यांच्या तोंडावर विचारायचं कसं?

“विचारून टाका सरळ, खाणार आहेत का ते तुम्हाला?” बायको म्हणाली. त्यांच्या सल्लागार कंपनीत माणसं दोनच, आणि दुसरी तीच होती.

बैठकीत त्यांनी विचारलंच. नव्वदीच्या अध्यक्षबाई हसल्या.

“तीन मुली तयार केल्यात. पुढच्या महिन्यात कारभार त्यांच्याकडे.”

सल्लागारांचा जीव भांड्यात पडला.

 

“आम्हाला काळजी तुमची आहे,” बाई पुढे म्हणाल्या. “एक जिना चढून आलात, त्याला अर्धा तास झाला. अजून धापा टाकताय. तुमच्यानंतर आम्ही सल्ला कुणाला विचारायचा?”