जिथून फोन येत नाही

दुपारी सव्वातीनला नकाशाताई जिना उतरून तक्रार-कक्षात आली, ती फक्त एका सहीसाठी.

तिचं खरं पद भलतंच लांबलचक होतं, एंटरप्राइझ आर्किटेक्ट. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मंडळींच्या जिभेला ते काही पेलेना, म्हणून त्यांनी तिला नकाशाताई करून टाकलं. आठ महिने खपून तिने कंपनीचा भिंतभर नकाशा काढला होता. वरच्या ओळीत कंपनीची कामं, खालच्या ओळीत त्या कामांना लागणारे कॉम्प्युटर आणि याद्या, आणि मध्ये दोघांना जोडणाऱ्या रेघा. नियम सोपा होता. खालच्या ज्या चौकटीतून वर एकही रेघ जात नाही, ती चौकट बंद. अशी एकच उरली होती, तक्रार-कक्षात फोन घेणाऱ्या मावशींच्या जुन्या कॉम्प्युटरवरची 'शांत लिफ्ट' नावाची यादी. चारला मोठे साहेब नकाशावर सही करणार आणि पाचला तो कॉम्प्युटर भंगारात जाणार.

आता यात नकाशाताईची चूक म्हणावी तर तीही नाही. यादीच्या माहितीच्या फॉर्मवर 'शांत म्हणजे काय?' या रकान्यात मावशींनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं : जिथून फोन येत नाही. तेच वाक्य तिने नकाशाच्या चौकटीत उतरवलं होतं आणि वर्ष वर्ष फोन नाही म्हणजे गिऱ्हाईक गेलं, असा सरळ तर्क केला होता.

"मावशी, इथे एक सही हवी होती."

मावशींनी कानाचा रिसीव्हर न हलवता दुसऱ्या हाताने खुर्ची दाखवली. "बस गं. शेवटचाच राहिलाय." मग फोनमध्ये, "बेकरीवाले भाऊ, तुमच्या वरचे आजोबा ब्रेड न्यायला उतरले का? नाही? अहो, दोनला येतात ना रोज? जरा जिन्यात डोकावून या. मी फोन धरून ठेवते."

मावशींच्या कपाळावर आठी पडली. गिऱ्हाइकाच्या शिव्या ऐकूनही "बरं, पुढे बोला" म्हणणारी ही बाई. नकाशाताई हातातला फॉर्म विसरून तिच्याकडे बघत राहिली.

बेकरीवाला धापा टाकत परतला. त्याचा आवाज रिसीव्हरच्या बाहेर ऐकू येत होता. लिफ्ट दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली होती आणि आतून कुणीतरी काठीने दार ठोकत होतं.

मावशींनी जवळच कामावर असलेल्या मेकॅनिकला पिटाळलं आणि रिसीव्हर खाली ठेवला.

"पण आपला नंबर लिफ्टमध्ये लिहिलेला असतो ना?" नकाशाताईने विचारलं.

"असतो की. चांगला मोठ्या अक्षरात. पण आजोबांची वाचा गेलीय. फोन लावून बोलणार काय?" मावशींनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. "अशी एकोणीस ठिकाणं आहेत. कुठे बोलता येत नाही, कुठे ऐकू येत नाही, कुठे आजी स्वतःचं घरच विसरते. तिथून फोन येत नाही, म्हणून रोज तीनला मीच करते. त्यांच्या शेजाऱ्याला, वॉचमनला, जो कोण असेल त्याला."

"मला वाटलं, ही गिऱ्हाइकं आपल्याला सोडून गेली."

"छे! सोडून जाणारे असे गुपचूप जातात होय? चांगले तासभर भांडून जातात."

नकाशाताईला हसू आलं नाही. उद्या ती काठी अशीच वाजत राहिली असती आणि इकडे चौकशी करणारं कुणी नसतं. आणि हे सगळं तिच्या नकाशाप्रमाणे अगदी बिनचूक झालं असतं. घड्याळात पावणेचार झाले. मावशी नुसतं पेनचं टोपण काढत होत्या आणि लावत होत्या.

फोन वाजला. पहिल्याच घंटीला मावशींनी उचलला.

"मावशी, सुटले आजोबा! एकदम ठणठणीत," मेकॅनिक ओरडत होता. "मलाच हाताला धरून बेकरीत ओढत नेतायत. ब्रेड संपेल म्हणून घाई!"

मावशींनी एकोणिसाव्या नावापुढे खूण केली आणि खुर्चीत मागे टेकल्या. नकाशाताईचा जीव भांड्यात पडला. आपण इतका वेळ उभ्याच होतो, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. मग ती फॉर्म घेऊन जिना दोन दोन पायऱ्यांनी चढत सुटली.

मोठे साहेब पेन उघडून नकाशासमोर उभेच होते. तिने आधी स्वतःचं पेन काढलं, शांत लिफ्टच्या चौकटीतल्या वाक्यात एक शब्द घुसवला आणि तिथून थेट वर, 'अडकलेल्यांची सुटका' या पहिल्या चौकटीपर्यंत रेघ ओढली. रेघ वाकडी आली.

"एका शब्दासाठी सही अडवलीत?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब. माझ्याकडून वाचायचा राहिला होता."

तिने आजोबांची हकिगत सांगितली. साहेबांनी ती वाकडी रेघ खालून वर बोटाने गिरवली आणि तिच्याच शेजारी सही केली. यादी नव्या कॉम्प्युटरवर जाणार होती, पण मावशींना शेजारी बसवून.

सव्वाचारला ती पुन्हा खाली आली. फॉर्मवरही तिने तोच शब्द काकपदाची खूण करून ओळीच्या वर लिहिला होता. मावशींनी चष्मा चढवला आणि ओळ मोठ्याने वाचली.

"जिथून फोन करता येत नाही."

त्यांनी सही ठोकली आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"मग मी वेगळं काय लिहिलं होतं?"