प्रोफोंदर

"श्रद्धांजलीच्या कार्डावर, बाबांच्या फोटोखाली हाच शब्द. ठळक," दादाने छापखानेवाल्याला बजावलं. "प्रोफोंदर."

"म्हणजे काय हो, साहेब?"

दादा खुर्चीत रेलला. "फ्रेंच आहे. प्रोफोंदर म्हणजे खोली. पाण्याची, जखमेची, विचाराची. मेंदूचा झटका आल्यावर बाबांचं मराठी पुसलं गेलं. जन्मभर शिकवलेल्या फ्रेंचचे दोन-चार शब्द तेवढे उरले. शेवटी तर हा एकच. मी हात हातात घेऊन म्हणायचो, खरंय बाबा. त्यांच्या डोळ्यांना धार लागायची. काय खोल माणूस!"

छापखानेवाल्याने मान डोलावली.

धाकटी बहीण टेबलाची कड घट्ट धरून उभी होती. अतिदक्षता विभागात एकालाच सोडायचे आणि पास दादाच्या खिशात असायचा. ती बाहेरच्या बाकावर. दादा बाहेर आला की तिचं एकच टुमणं: बाबांना घरी नेऊ या. दादाचं उत्तरही ठरलेलं: ते स्वतः म्हणाले, तर आत्ता नेतो.

"हा शब्द तू मला तेव्हा का नाही सांगितलास?"

"तुला?" दादा हसला. "फ्रेंचच्या मास्तरांची लेक आणि पहिल्याच चाचणीत भोपळा!"

भोपळा खरा होता. दादा तेव्हा वसतिगृहात होता, पुढे परगावी नोकरीला. तिला वाक्य करायचं होतं, 'माझी खोली लहान आहे.' तिने शब्दकोशात 'खोली' पाहिलं आणि नेमका भलताच अर्थ उचलला. झोपायची खोली म्हणजे शांब्र. तिने लिहिलं प्रोफोंदर. बाबा ठसका लागेपर्यंत हसले. मग त्यांनी तो शब्द घरात वापरायलाच काढला. 'चष्मा प्रोफोंदरमध्ये राहिला गं.' 'दमलो बाई. चल, मला प्रोफोंदरमध्ये सोड.'

तिने नमुन्याचा कागद उचलला आणि उभा फाडला.

"अगं, वेड लागलंय का तुला?"

"बाबा आपल्या खोलीला प्रोफोंदर म्हणायचे, दादा. माझ्या चुकीवरून. पलंग, खिडकी, कपाट असलेली ती खोली." तिचा आवाज चढला नाही. "रोज मागत होते ते. आणि तू म्हणत होतास, खरंय बाबा."