बेचाळीसचा जुलै

"त्यांना विचार, बेचाळीसच्या जुलैत त्यांचे वडील कुठं होते?" बापू म्हणाले.

शर्मिलाच्या हातातला डाव आमटीच्या पातेल्यावर आपटला. ज्याला ती भीत होती तेच झालं होतं.

समोर इंग्रिडबाई बसल्या होत्या, तिच्या नवऱ्याच्या, राजनच्या साहेबांच्या आई. मार्टिनसाहेबांनी त्यांना महिनाभरासाठी जर्मनीहून इथं आखातात, अहमदीला आणलं होतं, आणि राजनने दोघांना शुक्रवारी जेवायला बोलावलं होतं. राजनचा करार संपत आला होता. तो वाढला नाही तर इकामा, म्हणजे इथं राहायचा परवानाच रद्द, घर रिकामं करायचं, आणि लेकीचं, उर्वीचं बारावीचं वर्ष अर्ध्यात टाकून सगळ्यांनी पुण्याला परतायचं. सही मार्टिनसाहेबांची होती.

सुरुवात छान झाली होती. "ठेचा त्यांच्यापासून लांब ठेवा हं, बापू," असं शर्मिला सासऱ्यांना म्हणतेय तोवर बाईंनी हात लांबवून तो ताटात वाढूनही घेतला होता. सगळे हसले. मग बाईंनी फोनवर वडिलांचा फोटो दाखवला. लढाऊ विमानाच्या पंखावर बसलेला, गळ्यात रुमाल बांधलेला तरुण. आधी फ्रान्स, मग आफ्रिका, शेवटी बर्लिनचं आकाश. तीनदा पाडले गेले, तीनदा वाचले. युद्धानंतर कारखाने उभारत देशोदेशी फिरले, काही वर्षं आपल्याकडेही, आणि बाईंचं बालपणही त्यांच्यामागं फिरलं.

बापू त्या फोटोकडे बघतच राहिले. तेवढ्यात मीना अल-अहमदीहून रिफायनरीचा फोन आला. राजन आणि मार्टिनसाहेब उठून अंगणात गेले. उर्वी मैत्रिणीकडे गेलेली, त्यामुळं टेबलाशी तिघंच उरले.

बापूंचे वडील इंग्रजांच्या फौजेत ट्रक चालवायचे. बेचाळीसच्या जुलैत इजिप्तच्या वाळवंटात जर्मन विमानांनी त्यांचा ताफा झोडपला. कोरेगावला नुसती तार आली. बापू तेव्हा आईच्या पोटात होते. "कुणी पाहिलं?" असं म्हणत त्या माउलीनं मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही.

"विचार ना," बापू म्हणाले.

बापूंना इंग्रजी येत नाही, हे घरात सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. उर्वी इंग्रजीत काही बोलली की ते म्हणायचे, "मराठीत सांग." आता तेच कामाला येणार होतं.

"बापू विचारतायत, लढाईवर गेले तेव्हा तुमचे वडील किती वर्षांचे होते?" तिने बाईंना इंग्रजीत विचारलं.

"अगदी पोरसवदा होते," बाई इंग्रजीतच म्हणाल्या. "बेचाळीसचा तो सगळा उन्हाळा त्यांनी इजिप्तच्या वाळवंटात काढला."

"ते तेव्हा फ्रान्समध्ये होते म्हणे, बापू," शर्मिला म्हणाली. "आफ्रिकेत फार उशिरा गेले."

बापूंनी मान हलवली. "बरं. मग वाळवंटात वरून खाली काय दिसायचं, तेवढं विचार."

हट्ट काही सुटत नव्हता. खिडकीतून तिला राजन दिसत होता, साहेबांच्या कुठल्याशा बोलण्यावर मान डोलावणारा.

"विमान चालवायला त्यांना आवडायचं का, असं विचारतायत."

"उडायला आवडायचं. विमान खाली आणून रस्त्यावर गोळ्या झाडायचा हुकूम नको वाटायचा." बाई सावकाश, एकेक शब्द सोडवत बोलत होत्या. "पाडलेल्या विमानांचे पट्टे आपल्या विमानाच्या शेपटीवर रंगवत. ट्रकचे कुणी रंगवत नसे. पण त्यांना ते ट्रकच आठवायचे. म्हातारपणी गाडी चालवताना पुढं ट्रक आला की ते गाडी कडेला घ्यायचे. तो दिसेनासा होईपर्यंत हलायचे नाहीत."

"विमान चालवायला आवडायचं म्हणे," शर्मिला बापूंना म्हणाली. "म्हातारपणी गाडी मात्र अगदी हळू चालवायचे."

मग बापूंनी विचारलं, "ट्रकमधल्या माणसांची तोंडं दिसायची का त्यांना?"

एवढ्यात मार्टिनसाहेब आत आले तर? बाई रडल्या तर?

"त्यांना ते दिवस शेवटपर्यंत आठवत होते का, असं विचारतायत," ती घाईघाईने म्हणाली.

इंग्रिडबाईंनी तिच्याकडे पाहिलंच नाही. त्या बापूंकडे पाहत होत्या.

"एकच चेहरा आठवायचा. एका ड्रायव्हरचा. त्यानं शेजारच्या माणसाला दारातून बाहेर ढकललं. स्वतःला उडी मारायला वेळ मिळाला नाही. हिंदुस्थानी होता, एवढंच कळलं. कोण, कुठला, ते वडिलांनी पुढं खूप शोधलं. सापडलं नाही."

"त्यांना फारसं काही आठवत नव्हतं, बापू," शर्मिला म्हणाली. "वय झालं होतं ना."

बापूंनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा लावायचं विसरून गेले. "बरं," ते म्हणाले. "बरं झालं विचारलं."

निभावलं! शर्मिला भरभर ताटं उचलून स्वयंपाकघरात आली. चहाचं आधण ठेवलं आणि ओट्याला टेकून तिने प्रथमच पोटभर श्वास घेतला. दोन म्हातारी माणसं, एकमेकांच्या भाषेला परकी. कुणाला काही लागलं नाही, कुणाला काही कळलं नाही. रात्री राजनला सांगू की नको, याचा विचार करत तिने आलं किसायला घेतलं.

बाहेरून हलकं बोलणं ऐकू आलं. राजन आला वाटतं, म्हणून तिने खिडकीतून पाहिलं. तो अजून अंगणातच उभा होता.

ती दाराशी गेली.

"यू डिड नॉट हॅव टू टेल मी, मॅडम," बापू म्हणत होते. "थँक यू."

"असं कसं? सांगायलाच हवं होतं हो," इंग्रिडबाई चक्क मराठीत म्हणाल्या. "पण सुनेला काही बोलू नका, बापू. तिला वाटतंय, आपल्याला एकमेकांचं काही कळलंच नाही."