निरोपाचा फोटो

सातवीच्या जुन्या वर्गाचा मेळावा उद्यावर आला होता. मगदूम गुरुजींना वर्गातर्फे कॅमेरा भेट द्यायचा म्हणून त्यांची जुनी विद्यार्थिनी वर्षाराणी त्यांना मुरगूडहून कोल्हापुरातल्या दुकानात घेऊन आली.

"गुरुजी, हा बारका घ्या. खिशात मावतोय. त्या मोठ्या फुल फ्रेमनं मान मोडंल की तुमची!"

गुरुजींनी बारका हातभर लांब धरून पाहिला आणि ठेवून दिला. मोठा उचलून डोळ्याला लावताच त्यांना शाळेच्या पायऱ्या आठवल्या.

"व्हय, असंच!" वर्षाराणी हसली. "निरोपाच्या फोटोला आम्हाला उन्हात ताटकळत ठेवायचासा. तुमचा फोकसच जमायचा न्हाय!"

"मोठाच घे, पोरी. बारक्यामागं तोंड लपत न्हाय," कॅमेरा खाली न घेता गुरुजी म्हणाले. "फोकस तर कवाच जमायचा. डोळं कोरडं व्हायला वेळ लागायचा."