एकोणीस तोंडं, एक टॉवेल

या, असे पुढे सरका. भिंतीला टेकून बसाल तर डुलकी लागेल, आणि गोष्ट तर एवढीशीच आहे, एका सकाळची. डुलकीत निघून जाईल.

फळं डबाबंद करणाऱ्या कारखान्यामागच्या पाळणाघरात नर्सताईंनी अकराव्या मुलाची वरची पापणी बोटावर उलटवली आणि कपाळावर हात मारला.

"अरे देवा! यालाही!"

पापणीच्या आत, लालभडक अस्तरावर, रव्यासारखे बारीक पांढरट दाणे. खुपऱ्या, एकाच्या डोळ्यातून दुसऱ्याच्या डोळ्यात पसरणाऱ्या. वर्षात तिसऱ्यांदा.

"अहो मावशी, काठीनं एकेकाची उंची मोजून, उंचीप्रमाणे औषध दिलं. माझ्यासमोर गिळलं सगळ्यांनी. घरोघरी जाऊन आयांशी भांडून आले. अंगणात नळ आला. मग या खुपऱ्या येतात कुठून? आभाळातून पडतात?"

पाळणाघर सांभाळणारी मावशी उजवा डोळा मिचकावत म्हणाली, "मला काय ठाऊक, बाई! मी तर तासातासाला तोंडं पुसते. पोरांची तोंडं स्वच्छ हवीत, तुम्हीच म्हणाला होतात."

"आणि छोटे टॉवेल? प्रत्येकाला वेगळा दिला होता ना?"

"ते काय!" मावशीनं अभिमानानं भिंतीकडे बोट केलं.

एकोणीस खिळ्यांवर एकोणीस टॉवेल. एकावर बदक शिवलेलं, एकावर छत्री, एकावर किल्ली. कडक इस्त्री. एकाचीही घडी मोडलेली नव्हती.

"हे वापरत नाही?"

"वापरले तर मळतील ना! तपासणीला कुणी आलं तर दाखवायचं काय?"

"अहो, मीच आलेय तपासणीला!"

तोंडं पुसायची वेळ झाली होती. मावशीनं खांद्यावरचा पांढराशुभ्र टॉवेल ओला केला आणि पोरांना हाक मारली. पोरं रांगेनं आली. पहिल्याचं नाक, डोळ्यांचे कोपरे, गाल. इतक्या मायेनं, की पोरगं मांजरासारखं मान पुढे करत होतं. मग दुसरं. मग तिसरं. चौथी मावशीची नात, ठमी.

"थांबा!" नर्सताई ओरडल्या. "हाच टॉवेल सगळ्यांना?"

"रोज उकळते, सोडा घालून. वास घेऊन बघा."

"पहिल्या पोराला तो स्वच्छ. दुसऱ्याला?"

मावशीनं हातातला टॉवेल उलटून बघितला.

"एकाच्या डोळ्यातली घाण टिपायची आणि दुसऱ्याच्या डोळ्यात लावायची. मावशी, इतक्या निगुतीनं माश्यांनासुद्धा जमत नाही हो!"

"जीभ आवरा, ताई. अकरा वर्षं पोरं सांभाळतेय मी."

नर्सताईंनी ठमीला जवळ ओढलं आणि तिची पापणी उलटवली. दाण्यांच्या मधून एक पांढरी, बारीक रेघ गेली होती.

"इकडे या. बघा. हा व्रण. असे व्रण वाढले की पापणी आत आखडते. मग तिचे केस आत वळतात आणि बुबुळ खरवडत राहतात. पुढे काय होतं ते मी सांगायला हवं तुम्हाला?"

मावशीचा हात आपल्या उजव्या डोळ्याकडे गेला. दर आठवड्याला ती चिमट्यानं तिथले केस उपटायची. ते पुन्हा उगवायचे, टोचायचे. त्या डोळ्यानं तिला आता समोरच्या खिडकीचा फक्त उजेड दिसत होता.

"म्हणजे... माझ्या हातानं?"

काहीतरी मऊ बोलावं असं नर्सताईंच्या मनात आलं. पण ही तिसरी खेप होती.

"हो."

नर्सताईंनी ठमीची पापणी सोडली.

"आजपासून ज्याचा त्याचा टॉवेल," नर्सताई म्हणाल्या. "मळला तर मळू दे, धुता येतो. नाहीतर नळाखाली तोंड धुवायचं आणि वाऱ्यावर वाळू द्यायचं. तुमचे हात दर पोरामागे साबणानं. आणि औषध पुन्हा सगळ्यांना. तुम्हालाही. मागच्या वेळी तुम्ही घेतलंत?"

मावशी खाली बघू लागली. "पोरांना कमी पडलं असतं तर?"

नर्सताईंनी डोळे घट्ट मिटले आणि मनातल्या मनात दहापर्यंत मोजलं.

पापणी झोंबत होती म्हणून ठमी रडायला लागली. नाक वाहत होतं, डोळे वाहत होते. ती धावत आजीसमोर आली आणि नेहमीसारखा चेहरा वर करून, डोळे मिटून उभी राहिली.

मावशीचा टॉवेलवाला हात आपसूक वर आला. मध्येच थांबला. तिनं टॉवेल खाली टाकला, दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलं.

"नळावर जा, ठमे. तुझं तू धू."

ठमी हलली नाही. वर केलेला चेहरा तसाच ठेवून वाट बघत राहिली.

मावशीही हलली नाही.

दिवेलागणीला तुम्ही हात जोडाल, तेव्हा तिच्या त्या पाठीमागे धरलेल्या हातांची एकदा आठवण करा.