थोरल्याचं नाव

"डोक्यावर सतरा केस, आणि न्हाव्याकडे जायला चाळीस मैल," रूथ शेंगा सोलता सोलता शैलजाच्या कानाशी पुटपुटली. "परवा पुन्हा गेले. महिन्याचा पहिला मंगळवार आला की बर्फ पडो नाहीतर गाय विवो, डॅडी निघालेच. आणि परत येतात ते जसेच्या तसे. मानेवरची लवसुद्धा हललेली नसते."

डॅडी समोरच बसले होते. सॅम्युएल गिलेस्पी, वय अठ्ठ्याहत्तर. सहाशे एकर तंबाखू आणि मका, दोनशे गाई, विटांचं दुमजली घर. त्यांना कमी ऐकू यायचं, किंवा सोयीनं यायचं. पन्नाशीची बाई बापाला डॅडी म्हणते याची शैलजाला अजून गंमत वाटायची.

ती मॉरिसव्हिलहून शेवटचे कागद तपासायला आली होती. रविवारी गिलेस्पींचं अख्खं गोत इथं जेवायला जमणार होतं, दीडशे माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात घराण्याचा इतिहास पडणार होता. तो शैलजानं घरच्या कॉम्प्युटरवर टाइप केला होता. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला पगार घेता येत नव्हता; पण टोमॅटो आणि मक्याच्या कणसांना व्हिसाचं काही नसतं. डिकी भरून घरी जायची.

इतिहास मोठा नेटका होता. गिलेस्पी मूळचे स्कॉटलंडचे, मग शंभर वर्षं आयर्लंडात, मग इथं अमेरिकेत, म्हणून स्कॉच-आयरिश. पहिला अँड्र्यू एक कुऱ्हाड आणि एक बायबल घेऊन बोटीतून उतरला. तेव्हापासून कोण जन्मलं, कोण गेलं, ते सगळं त्याच बायबलच्या कोऱ्या पानांवर लिहिलेलं. शैलजाच्या सासरी सही करता येणारा पहिला माणूस म्हणजे तिचे सासरे, प्रल्हादराव. त्यांच्या मागचं काही लिहिलेलंच नव्हतं. त्यामुळे ही पानं ती हावऱ्यासारखी वाचायची. आणि वाचता वाचता आठ दिवसांपूर्वी एका जागी अडकली होती.

"मिस्टर गिलेस्पी, एक विचारू?"

"विचारा, मिस शैलजा."

"तुमच्यात थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव. दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. बरोबर ना?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. आमच्याकडेही आजोबांचं नाव नातवाला जातं. माझा नकुल पाळण्यात प्रल्हादच आहे." तिनं कागद त्यांच्याकडे सरकवला. "बघा. अँड्र्यूचा थोरला ह्यू. त्याचा थोरला अँड्र्यू. मग ह्यू, मग अँड्र्यू, मग तुमचे वडील ह्यू. सहा पिढ्या, एकदासुद्धा चूक नाही. मग तुम्ही अँड्र्यू असायला हवे होतात. सॅम्युएल तर तुमच्या आईचे वडील. ते नाव दुसऱ्याचं."

शेंगा सोलायच्या थांबल्या. रूथचा हात तेवढा चालू राहिला, पण ती दाणे सालांच्या बादलीत टाकत होती.

"आजोळ पैसेवाल्यांचं होतं," रूथ म्हणाली. "त्यांना खूश करायला ठेवलं असेल."

"पण बायबलमध्ये तुमच्या डॅडींच्या नावाच्या वर एक ओळ खरवडलेली आहे, रूथ. कागद पातळ झालाय तिथं."

रूथनं एक सुस्कारा सोडला. "बरं, मग लिहून टाका. अँड्र्यू, लहानपणी गेला."

"तारीख?"

"तारीख नसली म्हणून काय बिघडतं?"

शैलजानं पेन्सिल उचलली खरी, पण ती कागदावर टेकेना. नऊ दिवस जगलेल्या बाळाचीही तारीख या घरानं वारासकट लिहून ठेवली होती. शेवटी तिनं 'लहानपणी' एवढं लिहिलं.

"खोडा ते," म्हातारा म्हणाला.

"डॅडी, रविवारी दीडशे माणसं येणारेत."

"मला मोजता येतं, रूथ." त्यांनी शेंगांचं भांडं बाजूला केलं. "त्याला फिट्स यायच्या, मिस शैलजा. ट्रॅक्टरवर, चर्चमध्ये, कुठंही. लग्नाचं बोलणं मोडलं. लोक म्हणायला लागले, घराण्यातच आहे. तेविसाव्या वर्षी बाबांनी त्याला वेड्यांच्या सरकारी दवाखान्यात नेऊन ठेवलं. ट्रक मी चालवत होतो. आठवडाभर ठेवू, असं त्याला सांगितलं होतं. तो वाटेत मला कुठल्या शेतात या साली काय पेरायचं ते सांगत होता. थोरला ना. सगळं त्याच्याकडेच यायचं होतं."

रूथ खिडकीबाहेर पाहू लागली. बाहेर मका पुरुषभर उंच वाढला होता, नजर जाईल तिथवर.

शैलजानं हळूच खोडरबर फिरवलं. 'अँड्र्यू' एवढंच राहिलं. त्यापुढं तिनं जन्माचं साल विचारून लिहिलं, एकोणीसशे तेरा, म्हणजे म्हाताऱ्याच्या तीन वर्षं आधीचं. मग एक छोटी रेघ काढली, जशी सगळ्यांच्या नावापुढं होती, आणि आवाज जमेल तेवढा मऊ करून विचारलं, "आणि वारले कधी?"

म्हाताऱ्यानं आपल्या सतरा केसांवरून हात फिरवला.

"वारलाय कुठं?" ते म्हणाले. "परवाच तर त्याचे केस कापून आलो."