गार जाकीट

गेल्या वर्षी मे महिन्यात वाघोलीजवळच्या एका फाउंड्रीत, भट्टीसमोर काम करताना कोंडीराम कोसळले. उष्माघातातून ते कसेबसे वाचले. त्यांच्या शेजारी उभा असलेला कामगार मात्र वाचला नाही.

कोंडीरामांची मुलगी सृष्टी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत संशोधन करत होती. विजेचा दाब चालू-बंद केला की अंगाची उष्णता ओढून बाहेर टाकणारी पातळ फिल्म तिथं तयार होत होती. ना गॅस, ना कॉम्प्रेसर. सृष्टीनं हट्टानं त्या फिल्मचं जाकीट करायला घेतलं. भर उन्हात, गच्चीवर, पहिलं जाकीट तिनं वडिलांनाच घातलं.

"कसं वाटतंय, बाबा?"

"नदीत उभा असल्यासारखं वाटतंय गं," कोंडीराम म्हणाले.

प्रयोगशाळेनं फाउंड्रीच्या मालकांशी बोलणं केलं. या उन्हाळ्यात भट्टीवरच्या प्रत्येकाच्या अंगात जाकीट होतं आणि एकही माणूस कोसळला नाही.

"बाबा, उद्या मी येते तुमच्या फाउंड्रीत," सृष्टी एकदा हौसेनं म्हणाली. "सगळ्यांना भेटायचंय मला."

कोंडीराम नुकतेच कामावरून येऊन भिंतीला टेकले होते.

"नको येऊस. आता उकडत नाही ना, म्हणून मालकानं दुपारची सुट्टी बंद केलीय. पाळी बारा तासांची केलीय. जे नको म्हणाले, त्यांना घरी बसवलंय."

कोंडीरामांनी आवाज खाली आणला.



"आणि हे बघ बाई, जाकीट माझ्या पोरीनं केलंय, हे मी तिथं कुणालाच कळू दिलेलं नाही."